चिलखत आणि झगा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील आठ-दहा मुलांनी दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहाची किल्ली मागून घेतली. कारण विचारले तेव्हा कळले की त्यांना 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळावयाचा आहे. या खेळाला पट लागतोच असे नाही. वीस पैलूंचा एक फासा, चार कागद आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार, एवढ्या सामग्रीवर चार-चार तास जातात. प्रत्येकाने एक पात्र घ्यावयाचे. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी धर्मगुरू, तर कोणी जादूगार. आणि सर्वांनी मिळून भुयारे, राक्षस व शाप यांतून वाट काढावयाची. आम्ही प्रथम दाराशी उभे राहून ऐकत असू. पुढे खुर्ची ओढून बसू लागलो.

जूनमधल्या एका शनिवारी तेथे भांडण जुंपले. जादूगार झालेल्या मुलाचे पात्र एका क्षुद्र राक्षसाच्या बाणाने मेले. मुलाचे म्हणणे असे की, त्याच्या थैलीत चिलखत विकत घेण्यापुरते सोन्याचे नाणे होते, दुकानही वाटेवर होते; मग जादूगाराने चिलखत घातले तर त्याचे मंत्र चालत नाहीत, हा नियम कोणत्या न्यायाने? मुलांनी तीन उत्तरे दिली. एक म्हणाला, लोखंडाने जादू मरते. दुसरा म्हणाला, चिलखतात हात हलवता येत नाहीत. तिसरा, जो त्यांच्यात सर्वांत हुशार समजला जातो, तो म्हणाला, "तसे केले नाही तर खेळाचा तोल जातो." मुलाला घरी न्यावयास आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चौथे उत्तर दिले की, हा सारा सैतानाचा बाजार आहे आणि चर्चच्या छपराखाली तो चालतो याचेच त्यांना आश्चर्य वाटते. शेवटी नियम रद्द करावा काय, यावर मुलांनी आम्हांस पंच नेमले. आम्ही नियम राहावा असा निवाडा दिला आणि निम्मी मुले रुसली. ज्याचे पात्र मेले होते त्याने तर पुढचे दोन शनिवार तोंड दाखवले नाही. त्याच्यासाठी, आणि त्याला चुकीची उत्तरे देणाऱ्या सर्वांसाठी, हा लेख आहे.

प्रथम त्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप निकालात काढू. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे वादळ उठले होते. १९८३ साली त्याच्या विरोधासाठी एक संघटनाही उभी राहिली, आणि १९८४ साली जॅक चिक यांनी 'डार्क डन्जन्स' नावाची चित्रपुस्तिका काढून हा खेळ म्हणजे चेटकाची शाळा असल्याचे सांगितले. या जॅक चिक यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेविषयी आणि पवित्र साक्रामेंताविषयी काय काय लिहिले आहे, हे आमच्या त्या गृहस्थांनी वाचले असते तर त्यांनी त्यांच्या साक्षीवर एवढा भरवसा ठेवला नसता. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात चेटूक व मंत्रतंत्र यांचा जो निषेध आहे तो आम्हांस ठाऊक आहे, आणि तो आम्ही दर वर्षी प्रवचनातून सांगतो. कारण गंडेदोरे बांधून घेणारे लोक आमच्या बाकांवरही बसतात. पण या खेळातला जादूगार भुताला आवाहन करीत नाही. तो सकाळी उठून जाडजूड पोथी उघडतो आणि पाठांतर करतो. जुन्या नियमांप्रमाणे मंत्र एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जाई आणि पुन्हा पाठ करावा लागे. ही कल्पना जॅक व्हॅन्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून घेतलेली आहे. आमची सेमिनरीतील कॅनन लॉची टिपणेही परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नेमकी अशीच नाहीशी होत असत, आणि त्यात सैतानाचा काही संबंध असल्याचे आमच्या रेक्टरांनी कधी म्हटले नाही.

आता मुलांची उत्तरे.

लोखंडाने जादू मरते, ही समजूत खरोखरीच जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लोखंडाने आखलेल्या वर्तुळात मोठ्यांचे व तान्ह्या मुलांचे विषारी प्रयोगांपासून रक्षण होते असे नोंदवले आहे. आयर्लंड-स्कॉटलंडातील लोककथांत पऱ्या लोखंडाला घाबरतात. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. गळ्यात क्रूस असला तरी उशाखालचा विळा काही निघत नसे. परंतु या सर्व ठिकाणी लोखंड अदृश्य सृष्टीतील प्राण्यांना दूर ठेवते, पुस्तक वाचून शिकलेल्या माणसाला नव्हे. शिवाय खेळाचे नियमच या उत्तराला खोटे पाडतात. १९७४ साली हा खेळ प्रथम छापला गेला तेव्हा जादूगाराला एकच हत्यार धरण्याची मुभा होती, आणि ते म्हणजे खंजीर. खंजीर कशाचा असतो? कमरेला पोलाद लटकत असता जर मंत्र चालतात, तर अंगावर चामड्याचे साधे कातडे चढवताच ते का थांबावेत? कारण त्याच नियमांनी चामड्याचे चिलखतही जादूगाराला नाकारले होते. चामड्यात लोखंड कोठून आले? त्याच पुस्तिकांत एल्फ नावाचे पात्र मंतरलेले चिलखत घालून बेलाशक जादू करी, आणि धर्मगुरूचे पात्र तर डोक्यापासून पायापर्यंत पत्रे ठोकून चमत्कार करीत असे. लोखंडाला जर जादूचे वैर आहे, तर ते माणूस पाहून वैर करते असे म्हणावे लागेल.

दुसरे उत्तर अधिक व्यवहारी वाटते, आणि म्हणूनच ते अधिक काळ टिकले आहे. मंत्र म्हणताना बोटांच्या सूक्ष्म मुद्रा कराव्या लागतात, चिलखत आड येते, मंत्र फसतो. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीने तर याचे दरपत्रकच लावले होते: चामड्याचे चिलखत घातल्यास शेकडा १० मंत्र फसणार, कड्यांचे घातल्यास ३०, पूर्ण पत्र्याचे घातल्यास ३५. हे आकडे पाहून शास्त्र वाटते. पण पंधराव्या शतकातील पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलो भरे, आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेले असे. फ्रान्सचा सेनानी बुसिको, जो १४२१ साली वारला, तो चिलखत घालून कोलांट्या मारी आणि शिडीच्या खालच्या बाजूने केवळ हातांनी चढून जाई, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. बोटांवर पोलादी मोजे असत हे खरे, पण मोजे काढता येतात.

या विषयात आम्हांस थोडासा अनुभवाचा अधिकार आहे, कारण जड वस्त्रे घालून हातांच्या ठरावीक मुद्रा करणे हाच आमचा रोजचा व्यवसाय आहे. आमच्या सांक्रिस्तीच्या कपाटात जरीकाम केलेली काही जुनी मिस्सावस्त्रे आहेत. ती उचलतानाच दंड भरून येतो. प्राचीन काळी हे वस्त्र घंटेसारखे चहूबाजूंनी पडे आणि हात वर केले की सगळा घोळ मनगटांवर गोळा होई. म्हणून पवित्र भाकर उंचावताना मागे गुडघे टेकलेला मुलगा वस्त्राची कड उचलून धरी. पुढे वस्त्रे दोन्ही बाजूंनी कापून आखूड झाली, तरी ती कड उचलण्याची रीत शतकानुशतके चालत राहिली. मुद्दा असा की, वजनाने हात अवघडतात. त्यावर उपाय म्हणून माणसे मदतनीस नेमतात किंवा कपडा कापून घेतात. दर तीन मिस्सांमागे एक मिस्सा फसली असे कोणी कधी म्हटले नाही. आणि त्याच तिसऱ्या आवृत्तीत धर्मगुरूचे पात्र तसलेच पोलाद घालून, तशाच मुद्रा करून, शेकडा शंभर वेळा यशस्वी होत होते. तेव्हा हातांचे कारण ही नंतर लावलेली सबब आहे. नियम आधीच ठरला होता. त्याला कारण मागाहून चिकटवले.

राहता राहिला तोल. हुशार मुलाचे हे उत्तर खोटे नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. आरंभी दिवसाकाठी एक मंत्र येणारा, फुंकरीने पडेल असा तो जादूगार पुढे आगीचे गोळे फेकू लागतो आणि एका मंत्रात वीस जणांना भाजून काढतो. त्यालाच जर योद्ध्याचे कवचही दिले, तर योद्ध्याने काय करावे? सामान वाहावे? हे सर्व मान्य. पण 'तोल' हा शब्द उच्चारला की विचार संपला, अशी जी आजच्या मुलांची समजूत आहे तिच्याशी आमचे भांडण आहे. तोल हजार रीतींनी साधता येतो. मंत्र महाग करावेत, मंत्रांनी माणूस थकावा, मंत्र सर्वांनाच द्यावेत. १९७८ साली 'रूनक्वेस्ट' नावाचा दुसरा खेळ निघाला. त्यात बहुतेक सर्वच पात्रांना थोडीफार जादू येते आणि चिलखतही घालता येते, आणि तो खेळ आजतागायत जिवंत आहे. मग 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या कर्त्यांना नेमके चिलखतच काढून घ्यावेसे का वाटले? तोल हे 'कशासाठी'चे उत्तर झाले. 'हेच का'चे उत्तर ते देत नाही.

आमच्या मते या प्रश्नाला दोन मुळे आहेत. एक मूळ तोफखान्यात आहे आणि दुसरे मठात.

तोफखान्याची गोष्ट अशी. हा खेळ आकाशातून पडला नाही. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ साली 'चेनमेल' नावाचा नियमसंग्रह छापला होता. तो शिशाच्या सैनिकांनी टेबलावर मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी होता. त्याच्या शेवटी एक काल्पनिक पुरवणी जोडली होती, तीत ड्रॅगन, राक्षस आणि जादूगार आले. त्या पुरवणीतला जादूगार आगीचा गोळा फेकतो तेव्हा त्याचा घेर मोठ्या दगडफेकी यंत्राच्या घेराएवढा धरावा, आणि वीज सोडतो तेव्हा ती जड तोफेच्या माऱ्याइतकी मानावी, असे नियम होते. म्हणजे हा झगेवाला म्हातारा मुळात दोन पायांची तोफ आहे. आता कोणत्या सेनापतीने आपल्या तोफेला चिलखत चढवल्याचे कोणी ऐकले आहे? तोफेच्या भोवती पायदळ उभे करतात. तोफ उघडी असते म्हणूनच तिच्या भोवती माणसे उभी राहतात, आणि माणसे उभी राहतात म्हणून तोफ उडते.

त्या शनिवारी काय झाले होते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले होते. योद्धा, चोर आणि धर्मगुरू हे तिघेही पलीकडच्या खोलीतील पेटी फोडण्यास धावले. जादूगार एकटा बोळात राहिला, आणि बाण आला. मुलांनी फासा तपासला, नियम तपासला, चिलखताची किंमत तपासली. पेटीकडे कोण धावले हे कोणी तपासले नाही! आपल्या सोबत्याला चिलखत नव्हते ही तक्रार करण्यापूर्वी त्या तिघांनी एकदा स्वतःकडे पाहावयास हवे होते. नियम रद्द झाला असता तर त्यांच्या मनाला बरे वाटले असते यात शंका नाही.

दुसरे मूळ अधिक खोल आहे, आणि ते आमच्या घरातले आहे. जादूगाराच्या अंगावर काय नसते हे सगळे विचारतात. त्याच्या अंगावर काय असते हे कोणी विचारत नाही. त्याच्या अंगावर पायघोळ झगा असतो. तो कोणाचा? तो आमचा आहे. मध्ययुगीन युरोपात ज्या माणसांविषयी लोक जादूगार म्हणून कुजबुजत, त्यांची नावे काढून पाहावीत. ऑरिलाकचा गेर्बेर्त हा गणित व आकाशमापन शिकला. पुढे तो ९९९ साली दुसरा सिल्वेस्टर या नावाने पोप झाला, आणि त्याने सैतानाशी करार केला होता अशी दंतकथा बाराव्या शतकातील इतिहासकारही सांगत राहिले. रॉजर बेकन हा फ्रान्सिस्कन, आल्बेर्त महान हा डोमिनिकन; या दोघांच्याही नावावर बोलणारे धातूचे मस्तक घडवल्याच्या कथा आहेत. त्यांपैकी आल्बेर्त यांना १९३१ साली ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले. हे लोक झगा घालीत, कारण तोच त्यांच्या संघाचा वेश होता. पॅरिसच्या विद्यापीठातील साधे विद्यार्थीदेखील धर्मसेवकांत मोडत. फ्रान्सच्या राजाने १२०० साली त्यांना धर्मसेवकांचे संरक्षण दिले ते म्हणूनच. ज्याला अक्षर येते तो झग्यात, ज्याला तलवार येते तो चिलखतात, अशी ती वाटणी होती. आणि झग्यातल्या माणसाने शस्त्र धरू नये हा काही रूढीचा भाग नव्हता. कॅल्सेडनच्या परिषदेने ४५१ सालीच, सातव्या नियमात, धर्मसेवकांनी व मठवासीयांनी सैनिकी पेशा पत्करू नये असे बजावले होते.

तेव्हा जादूगाराला चिलखत नाही, याचे खरे कारण असे की तो विद्वान आहे, आणि ज्या समाजाच्या आठवणीतून तो आला त्या समाजात विद्वान निःशस्त्र असे. लोखंड आणि बोटे या नंतरच्या सबबी. शेक्सपिअरचा प्रॉस्पेरो जादूचा झगा उतरवून ठेवतो तेव्हा तो साधा बाप होतो. टोल्कीनचा गॅन्डाल्फ तलवार बाळगतो, पण अंगावर झगाच. (टोल्कीन हे आयुष्यभर निष्ठावान कॅथलिक होते, हे त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या माहितीसाठी.)

येथे आम्हांस एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. ज्यांना परिषदेने शस्त्रबंदी केली त्या आम्हांला या खेळाने नखशिखान्त पोलाद दिले, आणि आमचा झगा मात्र जादूगाराला देऊन टाकला. वाटणी उलटी झाली. याचा उगम 'ब्लॅकमूर' नावाच्या एका जुन्या डावात आहे. हा डाव डेव्ह अर्नेसन चालवीत. त्यात एक रक्तपिपासू पिशाच फार माजले, तेव्हा त्याला आवरण्यासाठी चित्रपटातल्या पिशाचमारकाच्या धर्तीवर धर्मगुरूचे पात्र आणले गेले. त्याला चिलखत चढवताना बहुधा आर्चबिशप तुर्पिनच्या काव्यकथा आणि बायूच्या भरतकामातले ओडो बिशप डोळ्यांसमोर असावेत. ओडो हा विजेत्या विल्यमचा सावत्र भाऊ. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईत तो घोड्यावर बसून सोटा उगारीत तरुणांना धीर देतो असे त्या कापडावर विणलेले आहे. यावरून कोणीतरी असे अनुमान काढले की, धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तो धारदार हत्यार न वापरता गदा वापरतो. खेळाने हा नियम जसाच्या तसा उचलला. गदेने डोके फुटल्यावर रक्त येत नाही, हे ज्याने ठरवले त्याने कधी नारळसुद्धा फोडला नसावा. आणि ज्या तुर्पिनचा एवढा डांगोरा, तो काव्यात चक्क तलवार चालवतो. असो.

आता अलीकडच्या आवृत्त्यांकडे वळू, कारण आमचा खरा रोख तिकडे आहे. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने शेकडेवारीचे दरपत्रक फाडून टाकले आणि त्या जागी एक वाक्याचा नियम आणला: ज्या चिलखताचा तुम्हांला सराव नाही ते घालून तुम्हांला मंत्र म्हणता येणार नाहीत. आमची मुले याच नियमाने खेळतात. आम्हांला हा नियम सर्वांत शहाणा वाटतो, आणि तो पवित्र शास्त्रात यापूर्वीच आलेला आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडावा. शौल राजा दाविदाला आपले पितळी शिरस्त्राण घालतो, चिलखत चढवतो, तलवार देतो. दाविद दोन पावले चालून पाहतो आणि सगळे उतरवून ठेवतो. का? चिलखत पापमय आहे म्हणून नव्हे, धातू देवाला वर्ज्य आहे म्हणून नव्हे. आपल्याला याची सवय नाही, एवढेच तो म्हणतो. मग काठी घेतो, ओढ्यातले पाच गोटे घेतो, गोफण घेतो. समोर गल्याथ उभा आहे. त्याच्या एकट्या चिलखताचे वजन पाच हजार शेकेल, म्हणजे आजच्या मापाने ५५ किलोंच्या वर. आणि गंमत पाहा, त्या दोघांत मंत्रतंत्र करणारा कोण? चिलखतवाला! आपल्या देवांची नावे घेऊन शाप देतो तो गल्याथ. दाविद अंतरावरून मारा करणारा आहे. त्याचे बळ त्याच्या मोकळ्या खांद्यात आहे. त्याला जे येत होते त्यात चिलखत बसत नव्हते, आणि जे बसत नव्हते ते राजाने दिले तरी त्याने घेतले नाही.

परंतु शहाणा नियम आला की त्याला फाटा देण्याची युक्तीही येतेच. पाचव्या आवृत्तीत एका पात्राला दोन पेशे घेता येतात. तेव्हा हुशार खेळाडू काय करतो? जादूगाराला धर्मगुरूची केवळ एक पायरी चढवतो. तेवढ्याने त्याला मध्यम वजनाचे चिलखत आणि ढाल यांचा सराव आयता मिळतो. मग तो पुन्हा आपल्या पोथीकडे वळतो आणि देवळाकडे आयुष्यात फिरकत नाही. दीक्षा नाही, उपास नाही, कोणाच्या आजाऱ्याजवळ बसणे नाही. एक पायरी आणि ढाल. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनचा शिमोन नावाचा जादूगार पेत्रापुढे पैसे ठेवून त्याचे सामर्थ्य विकत मागतो. त्याच्या नावावरून धर्मपदांच्या खरेदीविक्रीला सायमनी म्हणतात. आमच्या मुलांना आम्ही सांगितले की तुमची ही युक्ती म्हणजे शुद्ध सायमनी आहे. ती हसली. पण आम्ही ते गंमतीने म्हटले नव्हते. नियमात बसते ते सर्व करावे, ही वकिली बुद्धी आहे. पेशा म्हणजे त्याच्याबरोबर येणाऱ्या सवलतींची यादी नव्हे.

संगणकावरील खेळांनी तर कुंपणच काढून टाकले. १९९८ सालच्या 'बॉल्डर्स गेट'मध्ये जुना नियम शाबूत होता. चिलखत चढवलेल्या जादूगाराचे मंत्र बंद पडत. २०११ सालच्या 'स्कायरिम'मध्ये एकच वीर पोलादात मढलेला, एका हातात आग, दुसऱ्या हातात परशू, आणि बरोबर कोणी नसले तरी चालते. त्या खेळाची चित्रे सुंदर आहेत हे आम्ही नाकारत नाही; आमच्या भाच्याने आम्हांस तासभर दाखवला. पण तेथे एकट्या माणसाने एकट्याने खेळावयाचे असते, म्हणून त्या वीराला सगळेच द्यावे लागते. एका टेबलाभोवती सहा माणसे बसणार असतील तर मात्र कोणाकडे तरी काहीतरी कमी असलेच पाहिजे, नाही तर सहा जणांनी एकत्र बसण्याचे प्रयोजन काय? तेही एकेकटे घरी बसून खेळू शकतील. आणि आमच्या धर्मग्रामात घरी एकेकट्याने बसणाऱ्यांची वाण नाही. सभागृहाची किल्ली आम्ही दिली ती त्याच कारणाने.

एक आक्षेप शिल्लक राहतो व तो न्याय्य आहे: मग दुबळ्या पात्राच्या वाट्याला आलेल्या मुलाने नेहमी मरतच राहावे काय? नाही. खेळाने त्याला अगदी वाऱ्यावर सोडलेले नाही. पहिल्याच पायरीवर त्याला एक संरक्षक मंत्र घेता येतो, 'मेज आर्मर' नावाचा. तो आठ तास टिकतो, आणि त्याची अट अशी की अंगावर खरे चिलखत नसावे. त्या मुलाने तो निवडला नव्हता. त्याऐवजी त्याने झोप आणणारा मंत्र घेतला होता, कारण त्याने सोबत्यांचा जीव वाचतो. आम्ही ते त्याच्या कागदावर पाहिले, आणि बाकीच्या तिघांनाही दाखवले. तिसऱ्या शनिवारी योद्धा झालेला मुलगा त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आला. त्यांनी काय बोलणे केले ते आम्ही विचारले नाही. नवे पात्र पुन्हा जादूगारच आहे, झग्यातलेच. बोळात शिरताना योद्धा आता पुढे असतो आणि चोर मागे.

पेटी आली की चोर अजूनही पळतो. आणि धर्मगुरूच्या हाती गदेऐवजी निदान साधी काठी द्यावी, ही आमची सूचना सूत्रधाराने अद्याप विचाराधीन ठेवली आहे.